सिरीज ७ : सराव चाचणीत गुण ६८च्या पुढे सरकत नाहीत

प्रश्न

मी अमेरिकेत एका ब्रोकर-डीलर (शेअर-रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या) संस्थेत सहायक म्हणून काम करते. एसआयई ही या क्षेत्रातली प्राथमिक परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्यावर संस्थेने माझा यू-४ हा नोंदणी अर्ज दाखल केला आणि सिरीज ७ (गुंतवणूक प्रतिनिधीची पात्रता परीक्षा) साठी १२० दिवसांची मुदत सुरू झाली. त्यातले आता जेमतेम सहा आठवडे उरले आहेत. नोकरी सांभाळून रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच तास अभ्यास होतो. पुस्तक दोनदा वाचून झाले आहे, तरीही सराव चाचण्यांतले गुण ६४ ते ६८च्या दरम्यानच घुटमळतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७२ लागतात. ऑप्शनची (ठरल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या करारांची) गणिते फार वेळ खातात म्हणून गेले तीन आठवडे मी केवळ तीच सोडवली. ती आता बऱ्यापैकी जमू लागली आहेत, पण एकूण गुण होते तिथेच आहेत. असे का होत असावे? पुस्तक तिसऱ्यांदा वाचावे, की उरलेला वेळ आणखी कशासाठी द्यावा?

प्रतिसाद १

तिसरे वाचन करू नका. ओळखीची पाने पुन्हा वाचताना सगळे येते असे वाटत राहते आणि नेमके काय येत नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. मी पहिल्या प्रयत्नात याच कारणाने अनुत्तीर्ण झालो आणि पुन्हा बसण्यासाठी ३० दिवस थांबावे लागले, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो आहे.

परीक्षा घेणाऱ्या फिन्रा या नियामक संस्थेने प्रश्नांची विभागणी जाहीर केलेली आहे, ती आधी समोर ठेवा. गुण धरल्या जाणाऱ्या १२५ प्रश्नांपैकी ९ ग्राहक मिळवण्याविषयी, ११ खाते उघडण्याविषयी आणि १४ खरेदी-विक्रीच्या सूचना घेण्याविषयी असतात. उरलेले ९१ प्रश्न एकाच भागातले असतात, तो म्हणजे ग्राहकाला गुंतवणुकीची माहिती देणे, शिफारस करणे आणि नोंदी ठेवणे. ऑप्शनही याच भागात येतात, पण त्यांच्या बरोबरीने म्युनिसिपल बाँड (राज्ये व स्थानिक संस्थांचे, सहसा करमुक्त व्याजाचे रोखे), म्युच्युअल फंड, ॲन्युइटी आणि निवृत्ती खातीही येतात. तुम्ही तीन आठवडे या मोठ्या भागाच्या एकाच कोपऱ्यात घालवलेत, त्यामुळे एकूण गुण हलले नाहीत यात नवल नाही.

दुसरे असे की, एसआयईमध्ये व्याख्या येत असली तर पुष्कळदा निभावून जाते, पण इथे तीच व्याख्या एका ग्राहकाच्या परिस्थितीत बसवून विचारतात. उदाहरणार्थ, वरच्या करगटातील ग्राहकाला आपल्या आयआरए (वैयक्तिक निवृत्ती) खात्यासाठी उत्पन्न देणारी गुंतवणूक हवी आहे आणि पर्यायांत म्युनिसिपल बाँड दिलेला आहे. ‘वरचा करगट’ हे शब्द वाचताच हात त्या पर्यायाकडे जातो आणि उत्तर चुकते. आयआरएमधील वाढीवर कर तसाही पुढे ढकललेला असतो, त्यामुळे करमाफीच्या मोबदल्यात कमी व्याज देणारा बाँड तिथे ठेवून ग्राहकाचे नुकसानच होते. उलट साध्या खात्यासाठी तुलना करायची असेल, तर २४ टक्के करगटातील ग्राहकाला ३.८ टक्क्यांचा म्युनिसिपल बाँड हा ५ टक्क्यांच्या करपात्र बाँडइतकाच पडतो, कारण ३.८ ला ०.७६ ने भागले की ५ येतात. भागाकार कोणालाही जमेल, पण तो कोणत्या खात्यासाठी करायचा हे ज्याला कळते त्याला गुण मिळतात.

म्हणून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एका वहीत कारण लिहा : नियम माहीत नव्हता, नियम माहीत असून प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला. पुस्तक उघडण्याची गरज फक्त पहिल्या कारणासाठी आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे, मात्र ऑप्शन आता बाजूला ठेवले तरी चालतील असा अर्थ कृपया काढू नये. चार दिवस सोडले की ते विसरतात, निदान माझे तसे होत असे. रोज दहा गणिते पुरेत, पण ती सूत्र पाठ करून न सोडवता कागदावर मधोमध रेघ ओढून, एका बाजूला गेलेले पैसे आणि दुसऱ्या बाजूला आलेले पैसे मांडून सोडवावीत.

समजा ग्राहकाने ५० चा कॉल (५० डॉलरला शेअर घेण्याचा हक्क) ६ डॉलरला घेतला आणि ६० चा कॉल २ डॉलरला विकला. प्रत्येक करार १०० शेअरचा असल्याने ६०० गेले, २०० आले, म्हणजे निव्वळ ४०० डॉलर खिशातून गेले, आणि जास्तीत जास्त तोटा तेवढाच. दोन स्ट्राइकमधील (करारात ठरलेल्या भावांमधील) अंतर १० डॉलर, म्हणजे करारामागे १,०००. त्यातून ४०० वजा केले की जास्तीत जास्त नफा ६०० डॉलर, आणि कॉल असल्यामुळे ५० मध्ये ४ मिळवून ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा असा भाव) ५४. ही मांडणी अंगवळणी पडली की स्ट्रॅडल असो वा कव्हर्ड कॉल, ऑप्शनच्या कोणत्याही प्रकारात घाबरण्यासारखे काही उरत नाही.

प्रतिसाद ३

दोन छोट्या गोष्टी. पुस्तक कोणाकडून जुने मिळवले असेल तर ते आधी तपासा, कारण २८ मे २०२४ पासून शेअर व कॉर्पोरेट बाँडच्या व्यवहारांची सेटलमेंट (पैसे व शेअरची देवघेव) टी+१, म्हणजे व्यवहारानंतर एका कामकाजाच्या दिवसात, झाली आहे आणि जुन्या आवृत्तीत टी+२ पाठ कराल तर हातचे गुण घालवाल. तसेच प्रत्यक्ष परीक्षेत गुण न धरले जाणारे १० प्रश्न मिसळलेले असतात आणि ते ओळखता येत नाहीत. म्हणजे ३ तास ४५ मिनिटांत १३५ प्रश्न सोडवायचे, एकाला १०० सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या चाचणीतील ४० चुका वहीत उतरवल्या. नियम माहीत नसल्याच्या फक्त ११ निघाल्या आणि त्यांतल्या ७ एकट्या मार्जिनच्या (संस्थेकडून कर्ज घेऊन केलेल्या व्यवहारांच्या), ज्या प्रकरणावरून मी दोन्ही वाचनांत घाईने पुढे गेले होते. बाकीच्या २९ चुका वाचनाच्या आणि निवडीच्या आहेत, हे पाहून थोडी लाजही वाटली. रेग्युलेशन टी या नियमाचे ५० टक्के लक्षात आले, पण मार्जिन कॉल (आणखी पैसे भरण्याची मागणी) कोणत्या भावाला येतो हे अजून उलगडत नाही.

प्रतिसाद २

५० टक्के हे खरेदीच्या वेळेपुरते, त्यानंतर किमान २५ टक्के राखायचे, असे दोन टप्पे वेगळे ठेवा. तुम्ही २०,००० डॉलरचे शेअर घेतले, तर १०,००० तुमचे आणि १०,००० संस्थेचे कर्ज. भाव खाली आला तरी कर्ज १०,००० च राहते. घट सगळी तुमच्या हिश्श्यातून जाते. तुमचा हिस्सा बाजारमूल्याच्या २५ टक्के उरेल तेव्हा कर्ज ७५ टक्के असेल, म्हणून १०,००० ला ०.७५ ने भागा. उत्तर सुमारे १३,३३३ डॉलर येते आणि मूल्य त्याच्या खाली गेले की कॉल येतो. शॉर्ट (उसने शेअर विकण्याच्या) खात्यात किमान प्रमाण ३० टक्के असते आणि कर्जाऐवजी जमा रकमेला १.३० ने भागायचे. १०,००० चे शेअर शॉर्ट विकून ५,००० भरले असतील तर जमा १५,००० झाली, आता ती तुम्हीच भागून पाहा आणि उत्तर इथे लिहा.

प्रश्नकर्ती

सुमारे ११,५३८ डॉलर. म्हणजे इथे मूल्य या आकड्याच्या वर गेल्यावर कॉल येणार, खाली गेल्यावर नाही.

प्रतिसाद २

बरोबर. आता एसएमए (मार्जिन खात्यातील जादा कर्जक्षमतेची नोंद) हा विषय घ्या.