अनुभव धागा : "पित्त असंल" म्हटलं आणि हार्टचं निघालं

तिलकवाडीकर :
आमच्या गल्लीतले एक काका परवा गेले, आदल्या रात्री जळजळतंय म्हणून सोडा पिऊन झोपलेले. तेव्हापासून घरात हाच विषय, म्हणून धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लोकांनी आपल्या घरात काय बघितलंय ते लिहा, त्रास कसा सुरू झाला, दवाखान्यात काय झालं. लसणाच्या काढ्याचे फॉरवर्ड नकोत कृपया.

संकेश्वरी_मिरची :
सासूबाईंचं लिहिते. बरीच वर्षं शुगर आहे. छातीत दुखलंच नाही त्यांच्या! भाकऱ्या थापताना दम लागायला लागला, घाम एवढा की पोलका भिजला, आणि जबडा जड झालाय म्हणायच्या, आम्हाला वाटलं दाढ असेल. नणंद फोनवर म्हणाली वैनी आधी ईसीजी काढा, दाढेचं मग बघू. पहिला ईसीजी नॉर्मल आला, खरं डॉक्टरांनी घरी सोडलं नाही, थोड्या वेळानं परत काढला, रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते कळतं) केली, त्यात सापडलं. शुगरवाल्यांच्या नसा बधिर होतात त्यामुळं दुखणं जाणवत नाही म्हणे, आणि बायकांत हे दम-थकवा-मळमळ असं जास्त असतं. आता घरात कोण नुसतं "लई दमले" म्हटलं तरी मी टरकते.

निपाणीचा_पावणा :
आमच्याकडं तंबाखू घरचं पीक, त्याला वाईट म्हणणार कोण. आप्पा बिडी ओढत नव्हते, नुसता तंबाखू-चुना, म्हणून हार्टला काय होत नाही असा त्यांचा हिशोब. तसं नसतंय, निकोटीन तोंडातनं पण रक्तात जातंयच. चढावर चाललं की छातीवर पाटा ठेवल्यागत व्हायचं, थांबलं की कमी, असं कित्येक महिने अंगावर काढलं. शेवटी अँजिओग्राफी, ब्लॉकेज, स्टेंट (नस उघडी ठेवायची बारीक जाळी). पुढं ऐका, दात काढायचाय म्हणून रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आपल्या आपण बंद केल्या की हो! नशिबानं काय झालं नाही, खरं डॉक्टर लई तापले, अशानं स्टेंटमध्येच गुठळी धरते, पहिलं वर्षभर तर विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही म्हणाले.

चोर्ला_घाट :
माझं उलट. बाइकवर पणजीला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी डावीकडं टोचायला लागलं, बोटानं दाबलं की जास्त. ईसीजी, इको सगळं केलं, बरगडीजवळचा स्नायू निघाला. पैसे गेले, जाऊ देत. मित्र अजून चिडवतात.

खानापूरची_लेक :
मी स्टाफ नर्स आहे, थोडं रागानं लिहिते. लोक आधी मेडिकलमधनं गॅसची गोळी घेतात, मग ओवा, मग ओळखीचा दवाखाना, तोही पहिल्या मजल्यावर, पेशंटला जिने चढवत नेतात, आणि मग बाइकवर मध्ये बसवून आमच्याकडं. अहो तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. सरळ १०८ ला (सरकारी ॲम्ब्युलन्स) फोन करा. आपल्या कर्नाटकात कन्नड नट पुनीत राजकुमारच्या नावाची हृदय ज्योती योजना आहे (२०२१ ला ४६ व्या वर्षी गेला तो, आठवतंय ना), बऱ्याच तालुका दवाखान्यांत ईसीजी काढून मोठ्या सेंटरला दाखवतात आणि गरज असली तर गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन फुकट देतात. जितकं लवकर तितका उपयोग, १२ तास उलटल्यावर सहसा देत नाहीत. ॲस्पिरिन चावून खायला सांगतात ते बरोबर आहे, खरं ॲलर्जी नाहीतर अल्सर असला तर नको. आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी (नसा सैल करणारी) शेजाऱ्याची आहे म्हणून देऊ नका, बीपी आधीच कमी असेल तर माणूस कोसळतो.

संकेश्वरी_मिरची :
मिठाचं पण लिहा ना ताई. आम्हाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे एक छोटा चमचा, पापड-लोणचं-चटणी सगळं धरून! सासूबाई म्हणतात मग जेवायचं तरी कशाला.

तिलकवाडीकर :
हा हा. आमच्याकडं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात लोक तासभर चालतात आणि बाहेर येऊन भजी खातात. एक विचारायचं होतं, १०८ वर मराठी चालतं का? आईला कन्नड येत नाही.

निपाणीचा_पावणा :
मी मोडक्या कन्नडात सुरू केलं, पलीकडच्यानं हिंदीत विचारलं, मग मराठी-हिंदी मिसळून झालं. गाव, तालुका आणि रस्त्यावरची खूण सांगायची, देऊळ, साखर कारखाना, काय असेल ते. आणि फोन मोकळा ठेवायचा, गाडीवाला परत फोन करतो.