जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोंमधले रंग
'रंग नंतर भरलेले, म्हणून हे फोटो फक्त जाहिरातीपुरते' असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. रंग नंतर देतात हे खरं, पण त्याला साधारणपणे क्रम असतो: सर्वात कमी तरंगलांबीच्या फिल्टरमधून (ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचेतून) घेतलेलं चित्र निळं, सर्वात जास्तीचं लाल. कॅरिना तेजोमेघात (वायू आणि धुळीच्या ढगात) १.८७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन टिपतो, ३.३५ चा कार्बनी रेणू.

शंका असेल तर मास्ट या दुर्बिणींच्या डेटाच्या ऑनलाइन संग्रहातून 'आय२डी' (प्रक्रिया करून जोडलेल्या चित्रांच्या) फिट्स फाइली, म्हणजे खगोलशास्त्रातल्या प्रतिमांच्या फाइली, फुकट उतरवून बघा. उघडताच चित्र जवळजवळ काळंच दिसेल. लॉग स्ट्रेच (अंधुक भाग उजळवणारी लॉगरिदमिक मांडणी) दिला की तेजोमेघ वर येतो. ठळक ताऱ्यांच्या मध्यभागी काळे ठिपके दिसतील. ते संपृक्त, म्हणजे प्रकाशाने क्षमतेपलीकडे भरलेले पिक्सेल, तिथे प्रकाशाचं मोजमापच उरलेलं नसतं. प्रसिद्ध चित्रांत ते भरून घेतात. तेजस्विता मोजायची असेल तर मात्र ते तारे वगळा.