अनुभव धागा: फ्लशच्या टाकीचे सुटे भाग आपण कसे मिळवले?

मराठवाड्यातील बोअरच्या जड पाण्याने फ्लशच्या टाकीतले वॉशर आणि बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी, तरंगत्या गोळ्याची झडप) लवकर कामातून जातात, आणि जिथे उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागतो तिथे रात्रभर झिरपणारी टाकी परवडत नाही. अख्खी टाकी न बदलता केवळ सुट्या भागावर ज्यांचे काम भागले, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

लातूर :
टाकी भरल्यावरही बॉलकॉक बंद होत नव्हता आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सतत भांड्यात जात होते. प्लंबरने नवी टाकी सुचवली (त्यांचे हे नेहमीचेच). मी अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद करून बॉलकॉक काढला आणि तोच पिशवीत घालून गंजगोलाईकडची दुकाने पालथी घातली. बहुतेकांनी आधी कंपनी विचारली आणि मान हलवली. एका वयस्कर दुकानदाराने मात्र आट्यांवरून अंगठा फिरवला, पाणी टाकीत बाजूने येते की खालून, एवढेच विचारले आणि अर्धा इंची बॉलकॉक समोर ठेवला. तो चपखल बसला. कंपनीपेक्षा माप आणि जोडणीची दिशा महत्त्वाची, असे माझे मत झाले आहे.

परभणी :
भाग आणण्यापूर्वी टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर गळती तळाच्या वॉशरमधून आहे. आमच्या वॉशरच्या कडेला क्षारांचा पांढरा, खरखरीत थर साचला होता. रबर मऊ असल्याने तो लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून स्वच्छ केला आणि खरेदीच टळली. रबर कडक झाले असेल, तर वॉशर बदलावाच.

छत्रपती संभाजीनगर :
आमची टाकी भिंतीत बसवलेली आहे. फरशा फोडाव्या लागतील, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बटणांची पट्टी काढल्यावर त्याच खिडकीतून हात घालून आतला व्हॉल्व बाहेर काढता आला. अशा टाकीला मात्र बाजारातला कोणताही व्हॉल्व चालत नाही, त्यामुळे त्यावर छापलेल्या क्रमांकाचे छायाचित्र दाखवून तो कंपनीच्या विक्रेत्याकडून मागवावा लागला.

नांदेड :
टाकी कमोडवरच बसवलेली असेल, तर तळाचा व्हॉल्व बदलताना बहुधा ती उचलावीच लागते. तेव्हा टाकी आणि कमोड यांच्या मधला जाड वॉशर आणि बोल्टही त्याच खेपेत आणावेत. बोल्ट पितळी घ्यावेत, लोखंडी गंजून अडकतात.