पायातली कळ आणि नसेचं दुखणं
भाऊ, बाबा बंडीवरून पडल्यापासून त्यांच्या पायात करंट मारल्यासारखं होतं, गोळ्यांनीही उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कापसाचं गाठोडं उतरवताना कमरेवर आपटलो, तेव्हा माझंही हेच झालं. दिवस वावरात निघून जायचा. रात्री पायावर चादरही सहन होत नव्हती.

नसेच्या दुखण्यावर साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. प्रेगाबालिन, गॅबापेन्टिनसारखी औषधं डॉक्टर कमी डोसपासून वाढवत नेतात, फरक पडायला आठवडे जातात. सुरुवातीला गुंगी येते, म्हणून रात्री बाबांना एकट्यानं उठू देऊ नका. आणि गोळी मनानं अचानक बंद करू नका. मी केली होती. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुखावलेली नस पुन्हा वाढून भरून येते ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, त्यामुळे महिने लागले तरी घाबरू नका. हात जोडून सांगतो, चोळून घ्यायला कुठं नेऊ नका. बधिर पायाला शेकही नको, भाजलेलं कळत नाही. पाऊल लोंबायला लागलं, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.