खो-खोवाल्या मुलीचा गुडघा आणि तोंडावर नवरात्र: खेळ पूर्ण बंद की थोडा चालू?

रावपुऱ्याची_आई
नमस्कार मंडळी, बडोद्याचं कोणी असेल तर जास्त बरं. मुलगी १२ वर्षांची, शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे, यंदा उंची भराभर वाढलीय आणि दोन्ही गुडघे दुखतायत, उजवा जास्त. वाटीच्या खाली जिथे नडगी सुरू होते तिथे बोट लावलं तरी ओरडते, हाताला टेंगूळ लागतं. ऑर्थोपेडिककडे नेलं, एक्स-रे झाला, म्हणाले ऑसगुड श्लॅटर आहे, वयाचं आहे, जाईल आपोआप, दीड महिना खेळ बंद. फिजिओ म्हणते पूर्ण बंद करू नका. सासूबाईंचं तिसरंच, दांडिया बाजारात हाडं बसवणाऱ्या माणिकरावांचा आखाडा असताना हिंडता कशाला, चोळून घ्या. आणि शाळेतले सर खेल महाकुंभचं (गुजरात सरकारच्या क्रीडा स्पर्धा) नाव काढून रोज बोलावतायत. त्यात आता नवरात्र, ही बाई नऊच्या नऊ रात्री गरबा सोडणार नाही. कोणाचं ऐकू? आणि फिजिओने फक्त दुखणंच थांबतं की खेळही सुधारतो, खरं सांगा.

फिजिओ_ताई
ताई, डॉक्टर आणि फिजिओ दोघंही एकच आजार सांगतायत, फरक फक्त किती थांबायचं यात आहे. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या ज्या टोकाला चिकटतो तिथे या वयात हाड अजून कच्चं असतं, वाढीचं. उंची पटकन वाढली, स्नायू ताठ राहिला, वर रोज उड्या आणि धावणं, मग तो त्या कच्च्या जागेला ओढत राहतो. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं लिहिलं म्हणून दोघांची नावं. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाल्यावर थांबतं, टेंगूळ मात्र राहू शकतं, त्याने बिघडत नाही.
नुसती विश्रांती दिली तर दुखणं कमी होतं पण मांडी आणखी कमजोर होते, आणि पोर परत मैदानात गेली की तिसऱ्या दिवशी तेच. म्हणून उड्या, स्प्रिंट, गुडघ्यावर टेकणं सध्या कमी करायचं आणि ताकद वाढवायची. सुरुवात भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसण्यापासून, फार खाली न जाता, जेवढं सोसेल तेवढं धरून ठेवायचं, सोबत ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं) आणि टाचा उचलणं. मग हळूहळू स्क्वॉट (उठाबशा), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) आणि शेवटी उड्या. याला आठवडे नाही, दोन-तीन महिने धरून चाला.
चोळण्याबद्दल: माणिकरावांचं नाव हाडं बसवण्यात मोठं होतंच, पण इथे बसवायला काही निखळलेलंच नाही. मांडीला हलकं तेल लावा हवं तर, टेंगळावर दाबू नका.
रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पूर्ण गुडघा सुजणं, किंवा उडी मारताना कट्कन आवाज येऊन पाय सरळच न होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. लंगडत असेल तर खुब्याचा सांधा पण तपासून घ्या, या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

जुना_खोखोपटू
आमच्या वेळी असली नावं नव्हती, दुखलं तर हळद लावून खेळायचो, ते बरोबर होतं असं म्हणत नाहीये. पण एक गोष्ट फिजिओ लोक बघत नाहीत ती म्हणजे मुलगी चौकात बसते कशी. आठ जणी बसलेल्या असतात, टाचा उचलून, पूर्ण गुडघे दुमडून, आणि खो मिळाला की त्याच अवस्थेतून उसळायचं, सगळा जोर वाटीखाली येतो. पुष्कळ मुली फक्त पंजावर उठतात, कंबर वापरतच नाहीत. सरांना सांगा महिनाभर हिला बसण्या-उठण्याचं काम कमी द्या, खांबावर वळण्याचा सराव चालत चालत करवा, सूर मारणं अजिबात नको. आणि मैदान! जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला, तिथे खाली मॅट होती. आपल्याकडे उन्हात भाजलेली कडक माती, त्यात गुडघा टेकला तर पॅड लावल्याशिवाय मजा नाही.

फुटबॉलवाला_बाप
खेळ सुधारतो का विचारलंत ना. फुटबॉलमध्ये ११ प्लस म्हणून २० मिनिटांचा वॉर्मअप आहे, धावणं, ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. नॉर्वेत १३ ते १७ च्या मुलींवर करून बघितलं, २००८ ला छापून आलं, एकूण दुखापती साधारण एक तृतीयांश कमी झाल्या. आमच्या मुलाची टीम तेच करते, खेळ आपोआप सुधारला असं मी म्हणणार नाही, पण मॅचच्या शेवटीही पाय ठिकाणावर पडतात हे दिसतं, आणि बेंचवर कमी बसलं की सराव जास्त होतो, साधा हिशोब. आणखी एक, खेळाच्या आधी एकेक मिनिट ताणून धरायचं ते बंद करा, त्याने उलट पळताना जोर कमी पडतो. ते खेळ झाल्यावर.

रावपुऱ्याची_आई
खूप आभार. सरांना फोन केला, कुरकुर केली पण "ठीक आहे, सूर नको" म्हणाले. मॅचला पेनकिलर देऊन उतरवू का असं पण विचारत होते! आता गरब्याचं सांगा, तो मी थांबवू शकत नाही, घरात युद्ध होईल.

फिजिओ_ताई
पेनकिलर देऊन अजिबात नको, दुखणं हाच तर तिचा मीटर आहे. गरबा म्हणजे तीन-चार तास गोल फिरत उड्या आणि त्यात अनवाणी, एका रात्रीत खो-खोच्या प्रॅक्टिसपेक्षा जास्त होतं आणि कोणी मोजत नाही. म्हणून नऊ रात्री प्रॅक्टिस शून्य. रोज जायचंच असेल तर तासभर, एक रात्र नाचायचं तर दुसऱ्या रात्री बसून टाळ्या, बैठकीच्या स्टेप्स आणि उड्या वगळून. सोसायटीत कोणी हटकत नसेल तर बूट घालू द्या. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना रोजच्यापेक्षा जास्त दुखलं तर त्या रात्री सुट्टी, आणि हा नियम तिच्याकडूनच कबूल करून घ्या, तुम्ही रोज विचारलंत तर "काही नाही दुखत" हेच उत्तर मिळेल.