घरच्या कॉफीसाठी ग्राइंडर: ६-८ हजारांत नेमकं काय बघून घ्यावं?

दुसरी_वाफ
सध्या बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या जातात. डिकॉक्शन कधी पाच मिनिटांत गळून जातं, कधी तासभर तुंबून राहतं. रोज स्टीलचा फिल्टर (दोघांपुरता), रविवारी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं). बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजलेल्या. बजेट ६, ताणून ८ हजार. एकावर '३८ मिमी बर' लिहिलंय, दुसऱ्यावर '१८ सेटिंग', तिसऱ्यावर '२०० वॅट'. यातलं महत्त्वाचं काय? हाताचा घ्यावा की विजेचा? जाणकारांनी सांगावं.

खुंटा_आणि_तळी
वॅट आधी बाद करा. मोटर जोरदार असली म्हणून दळण एकसारखं होत नाही.

मिक्सरचं पातं बी कापत नाही, फोडतं. जे तुकडे पात्याखाली परत परत येतात त्यांचं पीठ होतं, जे कडेला बसतात ते तसेच राहतात. ते पीठ फिल्टरच्या भोकांवर बसतं आणि डिकॉक्शन तुंबतं. पीठ कमी पडलं की पाणी भरडीतून सरळ खाली. म्हणून तुमच्याकडे रोज वेगळा निकाल. बर म्हणजे जातंच: दोन दातेरी पृष्ठभाग, मध्ये ठरलेली फट, फटीतून निघेल एवढाच कण बाहेर.

आता पैसे कुठे जायला हवेत? बरच्या धातूत, आणि त्याहून जास्त आसात (बर ज्यावर फिरतो तो दांडा). आस वर आणि खाली अशा दोन बेअरिंगवर बसलेला हवा. स्वस्त सिरॅमिक ग्राइंडरमध्ये बरेचदा खालचा बर लोंबकळत असतो. बारीक दळताना दोन्ही बर जवळ असल्याने चालून जातं, पण फट वाढवली की तो डुलतो. मग एका बाजूने रवा, दुसऱ्या बाजूने भरड.

दुकानात करायची तपासणी: खालची डबी काढा, बर चार-पाच क्लिक (सेटिंगचे खटके) सैल करा, आतला बर बोटाने आडवा ढकला. डोळ्यांना दिसेल इतका हलला तर खाली ठेवा. मग रिकामा हळू फिरवून ऐका. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी 'खर्र' येत असेल तर बर तिरका बसलाय.

'१८ सेटिंग'ला एकट्याने अर्थ नाही. एका क्लिकला बर किती सरकतो ते विचारा. हाताच्या ग्राइंडरपैकी टाइममोर सी२ मध्ये साधारण ८३ मायक्रॉन, किंग्राइंडर के६ मध्ये १६. (हे वरखाली सरकणं झालं, बर शंकूसारखा असल्याने प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते.) फिल्टर आणि मोकाला ८३ पुरतं. एस्प्रेसोला नाही: एक क्लिक इकडे तर धार लागते, एक क्लिक तिकडे तर थेंब पडत नाही.

मैद्याची_चाळण
वरच्याला +१. घरी आणल्यावर ही चाचणी करा: २० ग्रॅम दळा, मैद्याच्या चाळणीत टाका, न घासता मिनिटभर टिचक्या मारा, खाली पडलेल्या पिठाचं वजन करा. नुसत्या आकड्याला किंमत नाही. मिक्सरचं दळण तेवढंच घेऊन, दिसायला तेवढंच जाड ठेवून शेजारी करा, फरक कळेल: ग्राइंडरचं पीठ कमी पडायला हवं.

जाडीचा अंदाज स्वयंपाकघरातल्या मापाने: तुर्की कॉफीला मैदा, स्टीलच्या फिल्टरला चिरोटी रवा, मोकाला त्याहून किंचित जाड, पोअर ओव्हरला जाडा रवा, फ्रेंच प्रेसला लापशी रव्याच्या थोडं अलीकडे.

२३०_व्होल्ट
विजेच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. चार-पाच जणांची कॉफी असेल तर हाताने ५० ग्रॅम दळणं कंटाळवाणं होतं. हातातल्या ग्राइंडरची डबीही बहुधा २०-२५ ग्रॅमची, म्हणजे दोनदा भरा. पण खरं सांगायचं तर ८ हजारांत विजेचा घेतला की पैसे मोटर आणि प्लास्टिकवर खर्च होतात, बर उरल्यासुरल्यात येतो. दोघांच्या २० ग्रॅमला हाताने मिनिटभर लागतं. हाताचाच घ्या.

अमेरिकेतून कोणी आणून देत असेल तर यंत्राखालचं लेबल वाचा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल तर नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावू नका, मोटर जळेल.

दुसरी_वाफ
पटलं, हाताचाच. फिल्टरसाठी सेटिंग कुठून सुरू करू? आणि चिकोरीचं काय, बियांसोबतच दळायची का?

खुंटा_आणि_तळी
चिकोरी बरमध्ये अजिबात नको. ती हवेतला ओलावा ओढते, चिकट होते आणि दात्यांत लिंपून बसते. कोकणात, पावसाळ्यात तर विचारूच नका. चिकोरीची तयार पूड आणा, दळून झाल्यावर मिसळा.

सेटिंग: बिया न घालता बर हळूहळू आवळा. दांडा स्वतःच्या वजनाने फिरायचा थांबला की ते शून्य. जोर लावून आवळू नका. प्रत्येक नगाचं शून्य थोडं वेगळं असतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. सी२ सारख्यात शून्यापासून १२-१४ क्लिकवर सुरू करा. २० ग्रॅम पूड, फिल्टरच्या चकतीने फक्त सपाट करा, दाबू नका. उकळी बसलेलं १२० मिली पाणी. डिकॉक्शन १५ ते २० मिनिटांत उतरायला हवं. दहाच्या आत उतरलं तर एक क्लिक बारीक, अर्ध्या तासावर गेलं तर एक क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज सेटिंग, उद्या वजन, परवा चिकोरी असं केलंत तर काहीच कळणार नाही.

मैद्याची_चाळण
दोन गोष्टी राहिल्या. सुट्या बिया घेत असाल तर तांदळासारख्या निवडून घ्या. एक खडा सिरॅमिक बरचा टवका उडवतो आणि स्टीलचा दाता बोथट करतो. जात्याला टाकी लावता येते, बरला नाही, नवाच घ्यावा लागतो. म्हणून सुटे बर मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.

हिवाळ्यात कोरड्या हवेत पूड डबीला चिकटते. दळण्याआधी चमच्याची मागची बाजू पाण्यात बुडवून बियांमधून एकदा फिरवा, तेवढाच ओलावा पुरे.

२३०_व्होल्ट
आणि स्टीलचा बर धुऊ नका, गंज चढतो. दर पंधरवड्याला उघडून कोरड्या ब्रशने झाडा. कच्चे तांदूळ दळून साफ करायचा सल्ला मिळेल, तो सोडून द्या. तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी टणक असतो. सुटं करताना फोटो काढत जा, स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला की शून्य सरकतं.