थुंकीच्या टेस्टवरून एंडोमेट्रिओसिस कळतो का? आणि हे नॉन-कोडिंग आरएनए काय प्रकरण आहे?

सिडकोची_पूर्वा:
मंडळी, धाकट्या बहिणीला पाळीत इतकं दुखतं की कॉलेज बुडतंच, सोनोग्राफी नॉर्मल आली तरी डॉक्टर म्हणाले एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात तो आजार) असू शकतो, कदाचित दुर्बिणीने बघावं लागेल. आईचं एकच पालुपद, लग्न झालं की थांबतं. आता मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलंय की फ्रान्समध्ये थुंकीतल्या आरएनएवरून निदान करतात. खरंय? आणि जो आरएनए प्रोटीन बनवतच नाही त्याचा या दुखण्याशी संबंध काय?

पंचवटी_लॅबवाला:
आपल्या डीएनएतला जेमतेम २ टक्के भाग प्रोटीनच्या कामाचा, बाकीच्यातूनही आरएनए बनतो आणि त्यातला काही कंट्रोलचं काम करतो. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा तुकडा, प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटतो आणि प्रोटीन बनणं दाबतो. १९९३ मध्ये एका सूक्ष्म अळीत सापडला, २०२४ चं नोबेल त्याच्यावरच, अँब्रोस आणि रुवकुन. या आजारात एमआयआर-२०० गटातले तुकडे कमी झालेले दिसतात. त्यांनी दाबून धरलेले झेब-१, झेब-२ हे जीन मग मोकाट सुटतात, पेशी एकमेकींना सोडून सरकायला लागतात आणि भलतीकडे रुजायला त्यांना सोपं जातं. एच१९ हा लांब नॉन-कोडिंग आरएनए लेट-७ नावाच्या मायक्रोआरएनएला अडकवून ठेवतो, पेशंटच्या गर्भाशयाच्या अस्तरात तो कमी सापडला म्हणजे तिथे लेट-७ मोकळा आणि अस्तराची वाढ मंद, मूल राहायला अडचण येते त्यामागे हेही असावं. गंमत म्हणजे रक्तात त्याच गटातला लेट-७बी उलट कमी सापडलाय! त्यामुळे एखादा तुकडा वरखाली दिसला की 'हेच कारण' म्हणून मोकळं होऊ नये.

डॉ_गंगापूररोड:
टेस्ट खरी आहे, झिविग नावाच्या कंपनीची, थुंकीतले १०९ मायक्रोआरएनए एकत्र बघतात. २०२३ मध्ये २०० जणींवरचे आकडे आले, आजार असलेल्या शंभरातल्या ९६ जणी पकडल्या. पण त्या सगळ्या आधीच संशय असलेल्या होत्या हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. त्या टेस्टसाठी थांबू नका. साध्या सोनोग्राफीत वरवरचे डाग दिसत नाहीत, त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नसतं, आणि दुर्बीण न घालताही हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात, २०२२ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये तसंच आहे. सीए-१२५ या रक्ताच्या टेस्टवर तर निदान करूच नये, उगाच पैसे जातात.

नाशिकरोडची_मावशी:
पूर्वा, आईला सांग, माझं लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी चॉकलेट सिस्ट (याच आजाराची अंडाशयातली गाठ) निघालाच. मला डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीने बराच फरक पडला, सुरुवातीला मधेमधे डाग जायचे तेवढंच. तिला कधी दुखतं, संडासला जाताना दुखतं का, सगळं वहीत लिहायला लाव, डॉक्टर तेच विचारतात.

सिडकोची_पूर्वा:
थँक्यू मावशी, संडासचं तर ती आम्हाला कधी बोललीच नव्हती, आत्ता विचारलं तर हो म्हणाली. डॉक्टर, मग आधी एमआरआय करू की थेट गोळ्या सुरू करायचं विचारू? शनिवारची अपॉइंटमेंट मिळालीय.

डॉ_गंगापूररोड:
संडासचं आधी सांगा, आतड्याजवळ आजार असू शकतो. एमआरआय लागेल का ते तपासून तुमचे डॉक्टरच ठरवतील, गोळ्यांचं त्याच वेळी विचारा.